बोलेरो पिकअपला परफॉर्मन्स टायर टाकावे का? (संत्र्याचा माल, वरुड ते कळमना)

संत्राबाग_वरुड

राम राम मंडळी. टायरचं विचारायचं आहे. जरा सविस्तर लिहितो, अर्धवट सांगितलं की उत्तरही अर्धवटच येते.

गाडी २०१८ची बोलेरो पिकअप. घरची संत्र्याची बाग आहे, अन् सीझनमध्ये गावातल्या पाच-सहा जणांचा मालही मीच नेतो. बागेतून निघालं की पाऊण किलोमीटर पांदण, मग गावचा डांबरी, मग काटोलवरून नागपूर, कळमना बाजार. एका बाजूनं शंभराच्या आसपास. आंबिया बहाराच्या तोडीत आठवड्याला चार फेऱ्या होतात. वर्षातून दोन-तीनदा समृद्धीनं वाशीलाही जाणं होते.

मागच्या ऑक्टोबरात परतीच्या पावसात माल उतरवून रिकामा परत येत होतो. काटोलच्या अलीकडे एक वळण आहे, हजार वेळा घेतलेलं. स्पीड पन्नासच्या आत. समोर बैलबंडी आली म्हणून ब्रेक लावला, तर गाडीचा मागचा भाग आपोआप बाजूला निघाला. स्टीअरिंग उलटं फिरवलं तरी ऐकेना. गाडी आडवी होऊन साइडपट्टीवर थांबली, बंडीपासून दोन हातांवर. बंडीत एक आजोबा अन् त्यांची नात. त्या पोरीनं दोन्ही मुठींत आजोबाचा सदरा धरला होता, मला तेवढंच दिसत होतं. कोणाला काही झालं नाही. पण तेव्हापासून ओला रस्ता दिसला की माझे हात आपोआप घट्ट होतात.

म्हणून टायर बदलायचे ठरवले. एका दुकानदारानं सांगितलं की १७ इंची अलॉय टाका अन् त्यावर २२५/६० आर१७ ९९एच असे परफॉर्मन्स टायर बसवा, कारसारखी रस्त्याला चिकटून चालते. सध्या आहेत ते २१५/७५ आर१५. मागचे दोन ५२ हजार किलोमीटर चालले, नक्षी अजून दिसते. हवा मी मागे कायम ६० पॉइंट (पीएसआय) ठेवतो. खर्च मोठा आहे, पण त्या दिवसानंतर मी पैशाचा विचार करून नाही राहिलो. फक्त गाडी थांबली पाहिजे. कोणी पिकअपला असे टायर टाकले आहेत का? लोडवर कसे चालतात?

मेहकर_सोयाबीन

माझ्या एसयूव्हीला याच साइजचे आहेत भाऊ. पावसात एकदम मस्त, ब्रेकही चांगला. बिनधास्त टाका.

टायरवाला_कारंजा

भाऊ, थांबा. पैसे देऊ नका अजून.

माझं टायरचं काम ३१ वर्षांचं. आधी दुसऱ्याच्या दुकानात पाना धरला, नंतर कारंजात स्वतःचं टाकलं. समृद्धी सुरू झाल्यापासून फाटलेले टायर फार पाहिले, म्हणून इथं मनापासून लिहितो.

वरच्या दादांचं त्यांच्या गाडीपुरतं खरं आहे. एसयूव्हीत पाच माणसं अन् बॅगा. तुमच्या गाडीत क्रेट आहेत. टायरवर साइजच्या पुढे जो आकडा असते ना, ९९, १००, १०६ असा, तो वजनाचा. ९९ म्हणजे एक टायर ७७५ किलो उचलते, १०० म्हणजे ८००, १०६ म्हणजे ९५०. त्यापुढचं अक्षर स्पीडचं. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटर. आता मला सांगा, समृद्धीवर मालगाडीला मर्यादा ८०ची, तुम्हाला २१०चं काय काम? दुकानदारानं तुम्हाला कामात न येणारा स्पीड विकायला काढला अन् कामात येणारं वजन कमी केलं.

परफॉर्मन्स टायर वाईट नसते. त्याचं रबर मऊ, साइडवॉल बुटकी अन् कडक, रस्त्याला टेकणारं रबर जास्त, म्हणून कोरड्या-ओल्या डांबरावर पकड खरंच चांगली. पण ही सगळी रचना हलक्या अन् वेगवान गाडीसाठी आहे. मऊ रबर लोडखाली लवकर घासते. हिशेब करून पाहा: २१५च्या ७५ टक्के म्हणजे तुमच्या टायरची साइडवॉल १६१ मिलिमीटर. २२५च्या ६० टक्के म्हणजे १३५. सव्वीस मिलिमीटर उंची गेली. पांदणीतल्या दगडावर भरलेली गाडी आदळली की मार झेलणारं रबर तेवढं कमी. मग साइडवॉलमध्ये दोऱ्या तुटतात अन् बाहेर फुगा येते. फुगा आलेला टायर मी कोणाला परत बसवून देत नाही, गिऱ्हाईक कितीही रागावलं तरी.

आता तुमच्या वळणाचं. तुम्ही स्वतःच कारण लिहून ठेवलं आहे, फक्त तिकडे तुमचं लक्ष नाही गेलं. गाडी *रिकामी* होती अन् मागे हवा ६०. भरलेल्या गाडीची हवा घेऊन रिकामी गाडी चालवली की टायर मधोमध फुगून राहते, कडा रस्त्याला लागतच नाही. मागे वजन नाही, पाटे कडक, टेकणारं रबर चार बोटं, वरून पाऊस. दरवाजाजवळ किंवा पुस्तकात हवेची पाटी पाहा, रिकाम्या अन् भरलेल्या गाडीचे आकडे वेगळे असतात.

उद्या सकाळी एक करा. शाळेतला खडू घ्या अन् मागच्या टायरच्या नक्षीवर या कडेपासून त्या कडेपर्यंत जाड पट्टा ओढा. सपाट डांबरावर सरळ वीस-पंचवीस पावलं गाडी चालवा अन् खाली उतरून पाहा खडू कुठं पुसला. मग इथं लिहा.

दुसरं, गाडीखाली जा. बऱ्याच पिकअपला मागच्या एक्सलजवळ एक व्हॉल्व्ह असते, त्याला दांडी जोडलेली. गाडी भरली की दांडी वर जाते अन् मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळते. रिकामी झाली की खाली येते अन् दाब कमी होते, म्हणजे मागची चाकं जाम होऊ नये. तुम्ही पांदणीतून जाता. ती दांडी हातानं हलते का पाहा.

तिसरं, टायरच्या बाजूला डीओटी लिहिलेल्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. ओल्या फडक्यानं पुसून बॅटरी तिरपी धरा, मग दिसतात. तेही सांगा.

चौथं, गाडी भरून वजनकाट्यावर न्या. एकदा पूर्ण, एकदा फक्त मागची चाकं काट्यावर ठेवून. दुकानदार सांगते, मी सांगतो, यापेक्षा काट्याची चिठ्ठी खरी.

परतवाडा_घाटवाट

काकांनी मुद्द्याचं लिहिलं. मी दुसऱ्या बाजूनं थोडं सांगतो.

माझ्याकडे इसुझूची व्ही-क्रॉस पिकअप आहे, खासगी पासिंग, २५५/६० आर१८. मागे कधी तीनशे किलोच्या वर माल नसतो. मी रस्त्याकडे झुकणारे हायवे टायर टाकले, मऊ रबराचे, अन् चिखलदऱ्याच्या घाटात मी त्यांच्यावर खूप खूश आहे. जुलैत धुक्यात उतरताना वळणावर गाडी जिथं ठेवतो तिथंच राहते. आधीचे ऑल टेरेन होते, कच्च्या-पक्क्या दोन्ही रस्त्यांचे, ते डांबरावर गुणगुणायचे अन् ओल्या उतारावर ब्रेकला थोडे पुढे सरकायचे. म्हणजे पिकअपला असे टायर चालतच नाहीत असं नाही. गाडीला जो वजनाचा आकडा लागतो तो ठेवून, कंपनीच्या व्हीलवर घेतले तर चालतात. पण माझी गाडी माल नाही ओढत, हा फरक आहे.

काळ्या मातीबद्दल एक सांगतो. कोणी म्हणेल ऑल टेरेन टाका, पांदणीत कामी येतील. आपली माती नक्षीत भरली की दोन गरक्यांत टायरचा गुळगुळीत गोळा होते, मग नक्षी कोणती होती हे विचारायचं कामच नाही. माती बाहेर फेकायला मड टायरसारख्या रुंद खाचा लागतात, अन् तसे टायर कळमन्याच्या शंभर किलोमीटर डांबरावर नको. पाऊण किलोमीटर पांदणीसाठी बाकीचा रस्ता बिघडवू नका. ओली असेल तर माल ट्रॅक्टरनं डांबरीपर्यंत आणा, आमच्याकडे तेच करतो.

हिंगणघाट_हिशेब

दादा, मी आमच्या दोन पिकअपचा हिशेब ठेवते. जिनिंगला कापूस नेतो. टायर कोणते टाकायचे यावरून घरात दरवर्षी बोलणं होते, म्हणून चार वर्षांपासून वहीत लिहिते: बसवल्याची तारीख, मीटर, हवा, काढल्याची तारीख.

वहीतून जे दिसलं ते असं. एका गाडीला आम्ही मागे लग टाकले, आडव्या गोट्यांचे, दुसरीला चारही रिब, सरळ पट्ट्यांचे. लग पांदणीत चांगले निघाले, पण पावसाळ्यात ड्रायव्हर दादांची तक्रार यायची की डांबरावर ब्रेकला गाडी डोलते. कापूस वजनाला हलका पण उंच भरतो, त्यामुळे डोलणं जास्तच कळते. लग ४१ हजारांवर निघाले, रिब ४८ हजारांवर. पुढच्या वेळी दोन्ही गाड्यांना रिबच घेतले.

अन् ज्या वर्षी मी दर सोमवारी सकाळी हवा पाहायचा नियम केला, त्या वर्षी दोन्ही गाड्या मिळून एकच पंक्चर अन् एकही टायर फुटला नाही. हवेचं मीटर स्वतःचं घ्या. पंपावरचं मीटर अन् माझं मीटर यात मला एकदा सात पॉइंटचा फरक दिसला होता.

तुम्ही ते बैलबंडीचं लिहिलं ते वाचून मी फोन बाजूला ठेवून बसले. काळजी घ्या.

संत्राबाग_वरुड

सगळ्यांचे आभार. काका, तुम्ही सांगितलं ते सगळं करून पाहिलं, चार दिवस लागले.

खडू: दोन्ही मागच्या टायरवर मधला पट्टा पुसला, माझ्या तळहाताएवढा. दोन्ही कडांना खडू जशाचा तसा पांढरा. मी खाली बसून किती वेळ पाहत राहिलो. सात वर्षं या गाडीवर अर्धा टायर घेऊन घरी येत होतो. मग पाटीवरचा रिकाम्या गाडीचा आकडा पाहिला, तो माझ्या ६०पेक्षा बराच कमी आहे. तेवढी हवा करून पुन्हा खडू ओढला, तर कडेपर्यंत पुसला.

दांडी: हलली नाही. काळी माती सुकून दगड झाली होती. स्क्रू ड्रायव्हरनं खरवडून, पाणी मारून, मग हलली, पण वर गेलेली खाली यायला अडकत होती. मेकॅनिककडे नेली. तो म्हणाला सांधा गंजला आहे, दांडी भरलेल्या गाडीच्या जागेवरच बसली होती. म्हणजे रिकाम्या गाडीत मागच्या ब्रेकला पूर्ण दाब जात होता. बदलून घेतली. सर्व्हिसिंगला इतक्या वेळा गाडी गेली, कोणी खाली वाकून पाहिलं नाही, मीही विचारलं नाही.

आकडे: मागचे ४८१९. स्टेपनी १०१८, गाडीसोबत आलेली.

काटा: ६० क्रेट भरून पूर्ण गाडी २,८९० किलो, मागचा एक्सल १,८४०. सीझनच्या घाईत मी ७० क्रेट टाकतो, म्हणून तेही करून पाहिलं: पूर्ण ३,११०, मागचा २,०५०.

मागचा एक टायर काढून आतूनही पाहिला, कारण त्याची हवा दर आठवड्याला थोडी उतरायची. टायरवाल्यानं रिमवरून सोडवला तर आतून काळी भुकटी सांडली, मुठीत मावेल एवढी. बोटाला लागली की काजळासारखी. हे कशाचं आहे काका?

टायरवाला_कारंजा

ती भुकटी म्हणजे टायरचं आतलं रबर. हवा कमी असताना लोडवर चालला की साइडवॉल दुमडते, आतला थर एकमेकांवर घासते अन् दळण होते. बाहेरून टायर चांगला दिसते, नक्षीही असते, पण आतून तो गेलेला असते. असाच टायर मे महिन्यात समृद्धीच्या सिमेंटवर दोन तास एका लयीत चालला की फुटते. नागपूरला २०१३च्या मेमध्ये ४७.९ अंश झालं होतं, अन् तो हवेचा पारा, रस्ता त्याहून तापते. लोक म्हणतात सिमेंटनं टायर फुटला. उन्हाचा अन् वेगाचा वाटा असतेच, पण मी जे फुटलेले उघडून पाहिले त्यात बहुतेकांत हीच भुकटी होती. तो टायर आता कोणालाही विकू नका. कापून टाका.

आता तुमची चिठ्ठी. दुकानदाराचे ९९चे दोन टायर म्हणजे मागे १,५५० किलो. तुमचा मागचा एक्सल ६० क्रेटलाच १,८४०. पहिल्याच फेरीला तीनशे किलो जास्त! विषय संपला.

तुम्हाला लागते एलटी (लाइट ट्रक, म्हणजे हलक्या मालगाडीचा) २१५/७५ आर१५, वजनाचा आकडा १०६/१०३. पहिला आकडा एकेरी टायरचा, दुसरा जोडटायरचा, तुम्ही पहिला धरा. दोन टायरचे १,९००, तुमचे १,८४०, बसते. नक्षी रिबची किंवा रिबकडे झुकणारी घ्या, ताईंनी लिहिलंच आहे. खाचांमध्ये बारीक चिरा असलेली असेल तर पाण्यात आणखी चांगली. कंपनी कोणती ते मी सांगत नाही, चार मोठ्या कंपन्यांत जी ताजी मिळेल ती. ताजी म्हणजे तारखेचे आकडे सहा महिन्यांच्या आतले. बाजूला आयएसआयचा शिक्का पाहा: व्यावसायिक गाडीच्या टायरवर आयएस १५६३६ असते, कारच्या टायरवर १५६३३. दुकानदार काहीही म्हणो, तो नंबर वाचून कळते की हातात काय दिलं. व्हील कंपनीचेच ठेवा, म्हणजे पासिंगलाही कोणी साइज काढून वाद घालणार नाही.

हवा सकाळी, गाडी हलायच्या आधी पाहायची. ६०च्या टायरमध्ये दर दहा अंश तापमानाला अडीच पॉइंटच्या आसपास हवा वाढते. दुपारी ढाब्यावर थांबून वाढलेली दिसली म्हणून सोडू नका. थंड झाल्यावर ती कमी भरेल अन् पुन्हा भुकटी सुरू.

नक्षी खाचेतल्या छोट्या उंचवट्याला टेकली की १.६ मिलिमीटर, ती कायद्याची हद्द. पावसात चालणाऱ्या माणसानं तिथवर थांबू नये. तीन मिलिमीटर राहिले की पावसाळ्याआधी बदला. पाणी कापायला खोली लागते.

अन् भाऊ, ७० क्रेटचं. २,०५० किलोला या साइजमध्ये माझ्याकडे टायर नाही, कोणाकडे असला तरी एक्सल अन् ब्रेक तेच आहेत. राग मानू नका. दहा क्रेट खाली ठेवा, एक फेरी जास्त करा.

संत्राबाग_वरुड

राग कशाचा काका. ६०च नेईन. शेजाऱ्यांना तसं सांगितलं, एक जण कुरकुरला, पण त्याला काट्याच्या दोन्ही चिठ्ठ्या दाखवल्या.

चार टायर बुक केले, एलटी, १०६/१०३, तारीख दोन महिन्यांपूर्वीची. दुकानात बॅटरी लावून आयएसआय नंबर वाचला तर पोऱ्या पाहत राहिला. अलॉयचे पैसे वाचले त्यातून हवेचं मीटर अन् कळमन्यात हवा सोडून परत भरायला बारा व्होल्टचा छोटा पंप घेतला. रिकामं परतताना तिथंच बाजाराबाहेर गाडी थंड होईपर्यंत चहा घ्यायचा अन् हवा पाटीप्रमाणे करायची, असं ठरवलं.

एकच राहिलं. स्टेपनी १०१८ची आहे, एकदाही रस्त्याला लागलेली नाही, नव्या टायरवरचे रबराचे बारीक काटे अजून तसेच आहेत. ठेवू का?

टायरवाला_कारंजा

न वापरलेली असली तरी रबर म्हातारं होते. गाडीखाली लटकून तिनं सात उन्हाळे खाल्ले. अंगठ्याच्या नखानं साइडवॉल दाबा अन् वाकवून पाहा, बारीक भेगा दिसतील. जुन्या पुढच्या दोघांतला चांगला असेल तो स्टेपनीला लावा, आतून पाहून मगच. ती १०१८ची बागेत झोपाळ्याला द्या.

संत्राबाग_वरुड

पाहिलं. भेगा आहेत, केसाएवढ्या, पूर्ण गोल फिरल्या आहेत. काढली.